अ‍ॅव्हेंजर्स जमले, पण जमलं नाही

ही कमला खान. जर्सी सिटीत वाढलेली, पाकिस्तानी घरातली मुलगी. सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅव्हेंजर्सचा जंगी सोहळा भरलाय. हिने लिहिलेली सुपरहिरोंची गोष्ट स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलीय. अब्बूंना मागे टाकून ती स्टॉलमागून स्टॉल पालथे घालते, कॉमिक्सचे अंक गोळा करते, आणि एकेक हिरो समोर येतो तशी तिची बोबडी वळत जाते.

‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ हा व्हिडिओ गेम असा सुरू होतो. ४ सप्टेंबर २०२० रोजी तो बाजारात आला. क्रिस्टल डायनॅमिक्स या स्टुडिओने बनवला, स्क्वेअर एनिक्स या कंपनीने काढला. कॉमिक्स वाचत मोठं झालेल्या माणसाला वाटतं, वा, हे आपल्यातलेच दिसतात. आणि कथेपुरतं ते खरंही आहे. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांची ही कमला. २०१४ मध्ये तिचं स्वतःचं मासिक सुरू झालं, तेव्हाचा तिचा भाबडेपणा इथे जसाच्या तसा उतरलाय. सोहळ्यातल्या दुर्घटनेनंतर फुटलेली टीम ती एकेकाला समजावून पुन्हा एकत्र आणते. ब्रूस बॅनर स्वतःला दोष देत बसलेला, टोनी स्टार्क त्याच्यावर खवळलेला. ही भांडणं ऐकत राहावीशी वाटतात.

कारण अ‍ॅव्हेंजर्स म्हणजे मुळात भांडणच. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा पहिला अंक सप्टेंबर १९६३ चा, आणि दुसऱ्याच अंकात हल्क रागावून टीम सोडून जातो! चौथ्या अंकात बर्फात गोठलेला कॅप्टन अमेरिका सापडतो, तेव्हा कुठे घडी बसते.

गेममधली कथा मात्र काही तासांत आटोपते. मग उरतो तो एक नकाशा आणि त्यावरची मिशन्स. पडद्यावर आता दिसतंय ते नीट बघा. एआयएम या शत्रू संघटनेची प्रयोगशाळा, राखाडी भिंती, यंत्रमानवांची रांग. ठरलेल्या जागेवर उभं राहायचं, ताबा मिळेपर्यंत हलायचं नाही, वाटेत येईल ते फोडायचं. पुढचं मिशन उघडा. पुन्हा प्रयोगशाळा, पुन्हा त्याच भिंती.

हाणामारी मात्र झकास आहे, हे कबूल करायला हवं. हल्क एका शत्रूला उचलून दुसऱ्याच्या टाळक्यात हाणतो. थॉरचा हातोडा समोरच्याला भिंतीशी खिळवून ठेवतो. पण हे ज्यांच्यावर खर्ची पडतं, ते कोण? अल्ट्रॉन, कांग, बॅरन झेमो, लोकी... साठ वर्षांचं खलनायकांचं भांडार मार्व्हलच्या हाताशी. आणि सुरुवातीला वाट्याला आले टास्कमास्टर, अ‍ॅबॉमिनेशन, मोडॉक. टास्कमास्टर तर इतक्यांदा समोर येतो की त्याचीच कीव यावी.

आता गिअरची गंमत. हा प्रकार लाइव्ह सर्व्हिस, म्हणजे वर्षानुवर्षं खेळत ठेवायचा गेम. त्यामुळे प्रत्येक हिरोला सतत नवं सामान हवं. हल्कच्या अंगावर काय, तर एक फाटकी विजार. त्याला चिलखत कुठे चढवणार? म्हणून गेमने त्याला बरगड्या दिल्या. हो, बरगड्या. मिशन संपलं की नव्या बरगड्या निघतात, जुन्यांपेक्षा चार आकड्यांनी वरचढ. त्या बसवायच्या, जुन्या मोडीत काढायच्या. हल्क दिसायला होता तसाच. दिसणं बदलायचं तर वेगळा पोशाख, आणि चांगले पोशाख बरेचदा पैसे मोजून. कॉमिक्सचे अंक इथेही सापडतात, पण मुखपृष्ठ आणि त्याच्यासोबत किंचित ताकदवाढ. अंक म्हणजे टॉनिकची गोळी झाला. माझं मन इथे उडालं.

पुढचं भराभर. हॉकआय आला, ऑगस्ट २०२१ मध्ये ब्लॅक पँथर आणि त्याचा देश वाकांडा आले, आणि तो भाग खरंच देखणा होता. स्पायडर-मॅन आला तो फक्त प्लेस्टेशनवर, तोही स्वतःच्या कथा-मिशन्सशिवाय. विक्री फक्त शोभेच्या वस्तूंची असेल, असं आधी सांगितलं होतं. २०२१ च्या शरदात लवकर लेव्हल वाढवणाऱ्या वस्तूही पैशांत विकायला ठेवल्या. चाहते उसळले, तेव्हा त्या काढाव्या लागल्या. स्क्वेअर एनिक्सचे तेव्हाचे अध्यक्ष योसुके मात्सुदा यांनी वार्षिक अहवालात मान्य केलं की स्टुडिओच्या स्वभावाला साजेसा गेम निवडायला हवा होता. टूम्ब रेडरसारखी एकट्याने खेळायची साहसं रचणाऱ्यांना दुकान चालवायला बसवलं, आणखी काय होणार? मार्च २०२३ मध्ये शेवटचं अपडेट आलं, दुकानातले पोशाख सगळ्यांना फुकट वाटले गेले आणि ३० सप्टेंबर २०२३ नंतर गेमची डिजिटल विक्रीच थांबली.

चाहत्याला चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्क्वेअर एनिक्सनेच एडॉस माँट्रियल या दुसऱ्या स्टुडिओकडून ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ हा मार्व्हलच्याच दुसऱ्या टीमवरचा गेम काढला. त्यात खेळायचं ते फक्त टीमचा म्होरक्या स्टार-लॉर्ड बनून. बाकी चौघांना हुकूम सोडायचे, आणि ते उलट उत्तरं देतात. रॉकेट फुरंगटून बसतो, ड्रॅक्स उपमा शब्दशः घेतो, गमोरा मध्येच टोमणा मारते. बरगड्या नाहीत, दुकान नाही. टीमची तोंडं मात्र अखंड सुरू. तो गेमही कंपनीला हवा होता तितका सुरुवातीला खपला नाही. तेव्हा बाजाराला दोष द्यायचा की पहिल्या गेमने उडवलेल्या विश्वासाला, हे तुम्हीच ठरवा. खेळायला घेतलात तर पहिल्या तासाभराच्या बडबडीला कंटाळू नका, पुढे तीच कामी येते.