हालचाल मोजणारी माणसे

(दृश्य : लांबट दालन, भिंतींच्या वरच्या कडेला कॅमेरे, फरशीत बसवलेल्या, पायाचा जोर मोजणाऱ्या दोन फोर्स प्लेट.)

नवी मुंबईतील या प्रयोगशाळेत सकाळी पहिला पाऊण तास कोणीही धावत नाही. क्रीडाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी एका तरुण वेगवान गोलंदाजाच्या अंगावर वाटाण्याहून जराशा मोठ्या, चकाकणाऱ्या गोळ्या चिकटवीत आहे. हालचाल टिपताना कॅमेरे याच गोळ्यांचा माग काढतात; इथे त्यांना सगळे मार्कर म्हणतात. कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचे जे टोक हाताला लागते, नेमक्या त्याच टोकावर एक मार्कर बसला पाहिजे. म्हणून ती आधी बोटाने हाड चाचपते, पेनाने खूण करते, गोलंदाजाला वाकायला आणि पुन्हा सरळ उभे राहायला सांगून ती खूण तपासते आणि मगच दुहेरी चिकटपट्टी लावते. मार्कर एखादा सेंटिमीटर जरी सरकला, तरी संगणक खुब्याच्या सांध्याचा मध्य भलत्याच जागी धरतो, आणि तिथून पुढे मांडीची दिशा, गुडघ्याचे वळण, कमरेवरचा भार असे सगळेच आकडे चुकत जातात. चुकलेले आकडेही पडद्यावर तितकेच सुबक दिसतात, म्हणून ही पाऊण तासाची चिकाटी या शिक्षणात फार मोलाची मानली जाते.

(दृश्य : गोलंदाजाची धाव, उडी, पुढच्या पायाचा आघात, तोच क्षण संथ गतीत.)

साधे चालताना जमिनीकडून पायाला मिळणारा उभा जोर शरीराच्या वजनाच्या सव्वापटीच्या आतबाहेर राहतो. धावताना तो दोन ते तीन पट होतो, आणि वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय खेळपट्टीवर आदळतो तेव्हा तो पाचपट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. नेमक्या त्याच वेळी धड मागे ताणलेले, एका बाजूला कललेले आणि वळण घेत असलेले असते. वाढत्या वयातील गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यात ताणामुळे जो अस्थिभंग होतो, तो बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूस का आढळतो, याचे उत्तर या एका क्षणात दडलेले आहे. हाडाला विश्रांती मिळाली तर ते स्वतःची डागडुजी करते. भार त्या डागडुजीच्या वेगापुढे गेला की तडा पडतो. त्यामुळे शैलीच्या बरोबरीने आठवड्याला किती चेंडू टाकले आणि तो आकडा किती झपाट्याने वाढला, याचीही वही ठेवावी लागते.

मानवी हालचाल, व्यायाम आणि क्रीडा यांच्या विज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण हे अशा मोजमापांचे शिक्षण आहे. त्याकडे येण्याच्या वाटा अनेक आहेत. फिजिओथेरपीची पदवी घेऊन त्याच विषयातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, एमपीटी, करता येते, शारीरिक शिक्षणातून त्यातील पदव्युत्तर पदवीकडे, एमपीएडकडे, जाता येते, आणि काही विद्यापीठांत क्रीडाविज्ञानाची एमएस्सी आहे. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था 1957 पासून, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून या क्षेत्रात आहे, आणि 2018 मध्ये मणिपुरात राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ उभे राहिले. प्रवेशाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्याने त्यांत आपण शिरणार नाही. आत गेल्यावर विद्यार्थी काय शिकतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

(दृश्य : ट्रेडमिल, नाकातोंडावर मास्क लावलेली धावपटू, समोर 6 ते 20 आकड्यांचा तक्ता.)

ट्रेडमिलवरील या चाचणीत वेग किंवा चढ ठरावीक अंतराने वाढवला जातो आणि धावपटूचे शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरते ते मोजले जाते. एका टप्प्यानंतर वेग वाढवला तरी प्राणवायूचा वापर वाढत नाही. त्या कमाल पातळीला व्हीओटू मॅक्स म्हणतात आणि ती दर किलो वजनामागे दर मिनिटाला इतके मिलिलिटर अशी लिहितात. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1920च्या दशकात मांडली, आणि त्यासाठी ते स्वतः पाठीवर हवा साठवण्याची पिशवी बांधून धावले होते. समोरचा तक्ता स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांचा आहे. मास्कमुळे धावपटूला बोलता येत नाही, म्हणून श्रम किती वाटतात ते ती तक्त्यावर बोट ठेवून सांगते. यंत्राचा आकडा आणि माणसाचे बोट या दोन्हींची नोंद एकाच रकान्यात होते, आणि ती तशीच व्हायला हवी.

व्यायामशाळेत जाणाऱ्या पुष्कळांना एक सूत्र पाठ असते : 220 मधून वय वजा करा, म्हणजे हृदयाचे कमाल ठोके मिळतात. पदव्युत्तर वर्गात या सूत्राचे मूळ शोधायला लावतात, तेव्हा असे दिसते की 1971च्या सुमारास आधीच उपलब्ध असलेली निरनिराळी माहिती एकत्र करून ही ढोबळ रेषा काढली गेली. एकेका व्यक्तीसाठी ती कधीच आखलेली नव्हती. प्रत्यक्षात त्याच वयाच्या दोन निरोगी माणसांचे कमाल ठोके या सरासरीहून दहा-बारांनी कमी किंवा जास्त असणे अगदी सामान्य आहे. म्हणजे चाळीस वर्षांच्या ज्या गृहस्थांना सूत्र 180 सांगते, त्यांचा खरा आकडा 168 असू शकतो किंवा 192सुद्धा. त्या 180च्या टक्केवारीवर व्यायामाचा तक्ता आखला, तर एकाला तो जीवघेणा वाटेल आणि दुसऱ्याला त्याचा काहीच उपयोग होणार नाही. सरासरी ही समूहाची असते आणि समोर उभा राहतो तो एकटा माणूस, हे भान दोन वर्षांच्या अभ्यासात अंगी बाणले नाही, तर महागडी यंत्रे असून नसल्यासारखी आहेत.

हालचाल नियंत्रित कशी होते, हा या अभ्यासातील आम्हाला सर्वांत देखणा वाटणारा भाग आहे. 1920च्या दशकात मॉस्कोमध्ये हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हाताला लहान दिवे लावून छायाचित्रे घेतली. हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग मात्र दर वेळी थोडे वेगळे होते. कसब म्हणजे तीच हालचाल तंतोतंत पुन्हा करणे, ही समजूत त्या छायाचित्रांनी मोडीत काढली. शरीर दर वेळी तोच प्रश्न नव्याने सोडवते. एका सांध्याची चूक दुसरा सांधा सावरून घेतो. मुलांना रांगेत उभे करून एकच फटका शंभर वेळा मारायला लावणाऱ्या प्रशिक्षणाकडे हे विद्यार्थी साशंकतेने पाहतात, ते यामुळे. सरावात चेंडूचा वेग, टप्पा आणि अंतर बदलत ठेवावे, असे ते सुचवतात.

(दृश्य : ठाणे स्थानकाबाहेरील बसथांबा, चालक आपल्या आसनावर, वाहक गर्दीतून पुढे सरकताना.)

या विद्येचा दुसरा धागा खेळाच्या मैदानाबाहेरून, थेट बसमधून आला आहे. 1953 मध्ये डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांच्या तुलनेत जिन्यावर वर-खाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध लोकसंख्येच्या पातळीवर दाखवणारे ते पहिल्या महत्त्वाच्या संशोधनांपैकी एक होय. पण विद्यार्थ्यांना त्याच्या पुढचा, 1956चा निबंधही वाचायला देतात. मॉरिस यांच्या गटाने गणवेशांच्या नोंदी तपासल्या आणि त्यांना आढळले की चालकांच्या पँटचा कमरेचा घेर प्रत्येक वयोगटात, अगदी तरुण वयातही, वाहकांपेक्षा जास्त होता. म्हणजे दोन गट मुळातच थोडे वेगळे असू शकत होते. गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेऊन शिंप्याच्या मापांपर्यंत जाणे, ही संशोधकाची वृत्ती आम्हाला त्या निष्कर्षाइतकीच थोर वाटते.

आता प्रश्न असा येतो की लंडनचे, मॉस्कोचे किंवा अमेरिकेतील प्रयोगशाळांचे आकडे ठाण्यातल्या माणसाला किती लागू पडतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही उंचीशी वजनाचे प्रमाण सांगणारा बीएमआय 22.3 होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होती. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसांना मधुमेह का गाठतो, याचा मोठा दुवा त्या छोट्या लेखात आहे. परक्या देशातील सरासरीवर बेतलेले तक्ते इथे जसेच्या तसे वापरणे म्हणजे निम्मी माहिती फेकून देणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बसण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण साठ ते पासष्ट अंश वाकतो आणि जिने चढउतरताना नव्वदच्या आसपास. उकिडवे बसताना मात्र तो एकशे तीसच्याही पुढे जातो. खुर्चीत बसणाऱ्या समाजांत घडलेल्या पाठ्यपुस्तकांत या शेवटच्या टप्प्याला फारशी जागा नसते. आपल्याकडे मात्र गुडघ्याचे दुखणे घेऊन आलेल्या आजी पहिला प्रश्न हाच विचारतात की देवापुढे खाली बसता येईल का. म्हणूनच नवी मुंबईत कामोठे येथील एमजीएम आरोग्य विज्ञान संस्थेत झालेले काम महत्त्वाचे ठरते. तेथील संशोधकांनी उकिडव्या बैठकीचा अभ्यास केला, आणि सूर्यनमस्कार घालताना सांध्यांच्या हालचाली कशा होतात, हे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने त्रिमितीत मोजून 2019 मध्ये प्रसिद्ध केले. पिढ्यान्‌पिढ्या घातल्या जाणाऱ्या नमस्काराचे कोन आणि अंश आता कागदावर आहेत.

(दृश्य : तुर्भे येथील घाऊक बाजार, पहाट, पाठीवर गोणी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारे माथाडी कामगार.)

मोजायचे अजून बरेच उरले आहे. तुर्भ्याच्या बाजारातील या कामगाराकडे पाहा. गोणी पाठीवर येताच तो खुब्यातून वाकतो, पावले आखूड करतो, आणि फळीच्या लवचीकपणाशी आपली चाल जुळवून घेतो. हे त्याला कोणत्या वर्गात शिकवलेले नाही. प्रयोगशाळेतील कॅमेरे इथे आणता येत नाहीत, पण कमरेला आणि पोटरीला बांधता येतील असे काड्यापेटीएवढे संवेदक आता मिळतात. या कामगारांचे श्रम खेळाडूंच्या श्रमांहून कमी नाहीत. त्यांच्यामागे मात्र संघाचा फिजिओ नसतो. पदव्युत्तर प्रबंधाला विषय हवा असेल, तर तो इथे पहाटेपासून समोर उभा आहे.

(दृश्य : नेरूळ, डी. वाय. पाटील स्टेडियम, त्यानंतर ठाण्यातील एका मैदानावर कबड्डीचा सराव.)

2 नोव्हेंबर 2025 रोजी नेरूळच्या या स्टेडियममध्ये भारताच्या महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पण क्रीडाविज्ञानातील बहुतांश संशोधन आजही पुरुषांवर झालेले आहे, आणि त्याची किंमत मुलींचे गुडघे मोजतात. उडीनंतर जमिनीवर उतरताना किंवा अचानक दिशा बदलताना गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) तुटण्याचे प्रमाण, तोच खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत मुलींमध्ये कितीतरी अधिक असते. पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत तो तुटू शकतो. इतक्या अवधीत विचार करून सावरणे कोणालाच शक्य नसते, त्यामुळे योग्य सवय आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते.

सकाळी मार्कर लावणारी ती विद्यार्थिनी संध्याकाळी ठाण्यातील या मैदानावर आली आहे. तिने गुडघ्याच्या उंचीहून बुटका, तीस सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा आणि तिपाईवर लावलेला मोबाइल एवढेच सामान आणले आहे. चढाई करणाऱ्या मुली एकेक करून ठोकळ्यावरून खाली उतरतात आणि लगेच सरळ वर उडी मारतात. पडद्यावर चित्र थांबवल्यावर एका मुलीचे दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकलेले दिसतात. विद्यार्थिनी तिला खुबा मागे नेऊन, कमी आवाज करीत उतरायला सांगते, आणि तिसऱ्या उडीला फरक उघड्या डोळ्यांनी कळतो.

नॉर्वेत किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या मोठ्या चाचणीत, सुमारे वीस मिनिटांच्या ठरावीक पूर्वतयारीने दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्याचे 2008 मध्ये दिसून आले. त्या पूर्वतयारीत धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि उड्या आहेत. साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही. इथली अडचण वेगळी आहे. मैदान मिळते सव्वा तास, मुली शाळा-महाविद्यालयांतून धावतपळत येतात, आणि त्यातली वीस मिनिटे दिली तर चढाई-पकडीचा सराव कधी घ्यायचा, असा प्रशिक्षकांचा रास्त प्रश्न आहे. ती मैदानाच्या कडेला बसून त्यांच्यासमोर वहीत हिशेब मांडते. धावण्याचा भाग त्यांच्या नेहमीच्या फेऱ्यांतच बसवता येईल, तोल सांभाळण्याचे व्यायाम पकडीच्या जोड्या लावतानाच करून घेता येतील, आणि वेगळा वेळ लागेल तो उड्यांसाठी व मांडीच्या स्नायूंसाठी, सुमारे दहा मिनिटे. थोड्या चर्चेनंतर प्रशिक्षक आठवड्यातून तीन दिवस द्यायला तयार होतात, आणि महिन्याभराने हाच ठोकळा व हाच मोबाइल घेऊन पुन्हा मोजमाप करायचे ठरते.