आधी माकडं मेली

श्रोतेहो, नमस्कार.

सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्यांना 'माकडताप' हा शब्द काही नवा नाही. आज या तापाच्या माहेरी जाऊ. साल 1957, तेव्हाच्या मैसूर राज्यातला शिमोगा जिल्हा, सोरब तालुका, क्यासनूरचं जंगल.

जंगलाकाठच्या गावांत माणसं तापानं फणफणायला लागली. डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय, कुणाच्या नाका-हिरड्यांतून रक्त येतंय. पहिला संशय विषमज्वराचा. पण गावकरी एक वेगळीच गोष्ट सांगत होते: माणसांच्या आधी रानात वानरं मरत होती, लालतोंडी माकडंसुद्धा. त्यांनी आजाराला नावही देऊन टाकलं होतं, 'मंगन कायिले'. कन्नडमध्ये मंग म्हणजे माकड, कायिले म्हणजे आजार. माझ्या मते या तपासातला सगळ्यात मोठा धागा प्रयोगशाळेच्या बाहेरच हाती लागला होता.

पुण्यात 1952 साली व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथून शास्त्रज्ञ टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी सोरबला पोचले. माकडं मरताहेत म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा आला. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा, माग असाच लागतो, आणि पीतज्वर आशियात कधी आलेला नव्हता. तो पसरवणारे डास मात्र आपल्याकडे होतेच!

मेलेल्या माकडांत आणि आजारी माणसांत विषाणू सापडला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियात गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. तेव्हा मोर्चा वळला गोचिडींकडे.

गोचीड शोधायची कशी? पांढरं फ्लॅनेलचं फडकं घ्यायचं, पालापाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं, आणि उलटं करून बघायचं. त्यावर ठिपके दिसतात, तिळाहूनही बारीक. ही गोचिडीची पिल्लं. माणसाला चावतात ती बहुतेक हीच, आणि ती वळवळतात साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमकी लोक सरपणाला, पाल्याला रानात जातात तेव्हा. मोठी गोचीड गुरांवर पोसते. जंगल तोडून शेती आणि गुरं आत शिरली तशी तिची चंगळ झाली. हे सगळं शोधताना प्रयोगशाळेतल्या काही जणांनाही हाच ताप आला, हे सहसा कुणी सांगत नाही.

माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात दुसऱ्या रक्ताची वाट बघत बसतात. म्हणून मेलेलं माकड कुठे पडलंय, तारीख काय, याची नोंद ठेवायची. पुढची आजारी माणसं बहुधा त्याच बाजूच्या वाटेवरची असणार.

गोव्यात 2015 ला आणि सिंधुदुर्गात 2016 ला हा ताप दिसला, तेव्हा काजू गोळा करायला जाणारी माणसं त्याच्या तावडीत सापडली. तेव्हा मंडळी, बागेत माकड मरून पडलेलं दिसलं तर काठीनंही ढोसू नका. जागा ध्यानात ठेवा, लांब व्हा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.

नमस्कार.