शून्य शून्य एक डॉट वेव्ह

आवाज येतोय ना मागपर्यंत? बरं. आजचा विषय "रेकॉर्डरमधल्या फाइल कॉम्प्युटरवर सुरक्षित कशा न्यायच्या" असा जाहीर झालाय आणि त्यावर मी येणारच आहे, पण आधी एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही. माइक कुठला घ्यावा, प्रीअँपचा (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाचा) हिस, म्हणजे मागचा सूंसूं आवाज, किती, यावर आपण तासन्‌तास बोलतो, आणि फाइलच्या नावावर कोणी दोन मिनिटं बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नाव रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी ठरलं पाहिजे, आणि ते मशीनमध्येच, म्हणजे रेकॉर्डरमध्येच, ठरलं पाहिजे.

तर झालं असं. एका आजींची मुलाखत होती, दोन दिवस. पहिल्या दिवशी २३ फाइल झाल्या, ००१ ते ०२३, मशीनने दिली तीच नावं. रात्री त्या लॅपटॉपवर "मुलाखत" नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या आणि कार्ड फॉरमॅट केलं, कारण दुसऱ्या दिवशी तेच वापरायचं होतं. त्या मशीनमध्ये फॉरमॅट केलं की नंबर परत ००१ पासून सुरू होतात (सगळ्यांत होत नाहीत, तुमच्यात काय होतं ते आज घरी जाऊन बघाच). दुसऱ्या दिवशी १७ फाइल. रात्री हेडफोन अजून गळ्यातच, डोळे मिटतायत, सगळ्या सिलेक्ट करून त्याच फोल्डरमध्ये ओढल्या. कॉम्प्युटर विचारतो, या नावाच्या फाइल आधीच आहेत, रिप्लेस करू का? मला वाटलं मघाशी अर्धवट कॉपी झाली असेल. मी हो म्हटलं. सगळ्यांना एकदम हो.

उरल्या फक्त ०१८ ते ०२३. म्हणजे दिवसाचा शेवट, आजी दमल्यायत, उत्तरं दोन-दोन शब्दांची. त्यांचं लहानपण, ज्यासाठी आम्ही गेलो होतो, ते ००३ मध्ये होतं. लॅपटॉपची एसएसडी होती, तिच्यात गेलेलं परत मिळणं जवळजवळ अशक्य. मग कार्डावर रिकव्हरी चालवली, कारण साध्या फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही, फक्त यादी कोरी होते. पण दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग कार्डाच्या सुरुवातीपासून लिहिलं गेलेलं, त्यामुळे पुसला गेला तो नेमका पहिल्या दिवसाचा सुरुवातीचा भाग, आणि तासाभराने रिकव्हरीने काढून दिलं काय, तर ०१८ ते ०२३. आजींना परत विचारलं, त्यांनी मनापासून परत सांगितलंही, पण दुसऱ्यांदा सांगितलेली आठवण आटोपशीर होते, मधले थांबे निघून जातात.

मशीनमध्ये प्रोजेक्टचं नाव आणि तारीख टाकली असती तर हे घडलंच नसतं, दोन्ही दिवसांची नावं वेगळी झाली असती. कोणी म्हणेल नंतर कॉम्प्युटरवर बदलू की नाव. पण ते फक्त बाहेरचं लेबल. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह आणला, म्हणजे आपल्या नेहमीच्या वेव्ह फाइलचाच जास्त माहिती ठेवणारा प्रकार, त्यात फाइलच्या पोटातच तारीख, वेळ आणि मध्यरात्रीपासून कितव्या सँपलला (आवाजाच्या सेकंदाला हजारो वेळा घेतलेल्या मोजमापांपैकी कितव्या मोजमापाला) रेकॉर्डिंग सुरू झालं तो आकडा असतो, आणि आयएक्सएमएल नावाच्या, फाइलमध्येच बसणाऱ्या माहितीच्या तुकड्यात सीन, टेक, ट्रॅकची नावं. एडिटरचं सॉफ्टवेअर हे वाचतं. आणि घड्याळ आधी लावा! आतली बॅटरी संपलेली असली की मशीन कुठलीतरी जुनी तारीख धरून बसतं आणि तीच फाइलमध्ये जाते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तर मग भराभर.

कॉपी करा, कट कधीच नाही. कार्ड रीडर चालेल, यूएसबी केबलही चालेल, पण केबल काढायच्या आधी इजेक्ट करा. नुसता साइज जुळला म्हणजे कॉपी बरोबर झाली असं नाही, चेकसम काढा, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या डेटावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, एमडी५ किंवा एक्सएक्सहॅश पद्धतीने, दोन्हीकडचा सारखा आला की मगच विश्वास. दोन वेगळ्या डिस्कवर, प्रत्येक फाइलची सुरुवात आणि शेवट ऐकून, मग फॉरमॅट, आणि तो रेकॉर्डरमध्येच. मॅकवर कार्डावरची फाइल डिलीट केली तर ती कार्डावरच्याच लपलेल्या ट्रॅशमध्ये राहते, ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही, मग लोक मशीनला दोष देतात.

साध्या वेव्हमध्ये साइजचा आकडा ३२ बिटांचा, म्हणून ४ जीबीला भिंत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ८ ट्रॅक असतील तर साधारण ६२ मिनिटांत मशीन पुढची फाइल सुरू करतं, तेव्हा दुसरा तुकडा कॉपी करायला विसरू नका. काही मशीन आरएफ६४, म्हणजे वेव्हचाच मोठ्या फाइलसाठीचा प्रकार, लिहितात, त्यांना ही अडचण नाही.

शेवटचं. रेकॉर्डिंग चालू असताना पॉवर गेली तर फाइल कधीकधी शून्य सेकंदांची दिसते, कारण हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात, लांबी भरायची राहून गेलेली असते. आवाज बहुतेक वेळा तिथेच असतो. त्या कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका, आधी पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढा. अशी एक तुटलेली फाइल मी मुद्दाम बनवून आणलीय, या लॅपटॉपवर आहे, ज्यांना हेडर दुरुस्त करून बघायचंय त्यांनी पुढे या.