ट्रक अटारीला अडकतो तेव्हा: कट्टरतेची मुळं शोधताना

[तुर्भे. एपीएमसीचं मसाला मार्केट. माथाडी कामगार गोण्या उतरवतायत.]

हे नवी मुंबईतलं मसाला मार्केट. नाव मसाल्याचं असलं तरी सुक्यामेव्याचा मोठा बाजार इथेच भरतो, आणि दोरीत ओवलेल्या या अंजिरांच्या माळा, काळे मनुके, जर्दाळू, शहाजिरं, हिंगाचा कच्चा माल, यातलं बरंचसं अफगाणिस्तानातून येतं. दिवाळीच्या आधी इथे पाय ठेवायला जागा नसते.

एप्रिल २०२५ मध्ये काश्मीरमधल्या पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. त्यात डोंबिवलीचे तिघं होते, पनवेलचे एक. दुसऱ्याच दिवशी भारताने पाकिस्तान सीमेवरचं अटारीचं नाकं बंद केलं आणि अफगाण मालाचे ट्रक पाकिस्तानच्या बाजूला उभे राहिले. म्हणजे इकडे डोंबिवली बंद, तिकडे अटारी बंद, आणि गाळ्यांवर फोन सुरू की माल कधी सुटणार, कुठल्या वाटेने येणार. मे महिन्यात अडकलेल्यांपैकी काही ट्रक खास बाब म्हणून सोडले, ती वेगळी गोष्ट.

आता हे असं का होतं, धर्माच्या नावाने बंदूक उचलणारे येतात कुठून, म्हणून विचारलं तर ठाण्याच्या लोकलपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "त्यांचा धर्मच तसा". दुसरं म्हणजे "सगळं अमेरिकेनं करून ठेवलंय". दोन्ही उत्तरं अर्ध्या मिनिटात संपतात म्हणून लोकांना आवडतात. आम्हाला विचाराल तर यात सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वेगळीच आहे: या कट्टरतेला ज्यांनी खतपाणी घातलं त्यातले बरेच जण स्वतः अजिबात धार्मिक नव्हते.

[नकाशा. ड्युरंड रेषा.]

ही ड्युरंड रेषा. १८९३ मध्ये इंग्रजांनी अफगाण अमिराबरोबर ठरवून आखली आणि पश्तून लोकांची गावं, नातीगोती, कुरणं मधोमध तोडून टाकली. अफगाणिस्तानने ती सीमा मनापासून कधीच मानली नाही. १९४७ मध्ये पाकिस्तान संयुक्त राष्ट्रांत गेला तेव्हा विरोधात मत देणारा जगातला एकच देश होता, तो म्हणजे अफगाणिस्तान, शेजारी आणि मुसलमान. धर्म एक असला की मैत्री होते असं समजणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

१९७३ मध्ये काबूलमध्ये दाऊद खान सत्तेवर आला आणि पश्तुनिस्तानचा, म्हणजे सीमेपलीकडच्या पश्तूनांच्या वेगळ्या देशाचा, विषय त्याने पुन्हा जोरात काढला. पाकिस्तानात तेव्हा झुल्फिकार अली भुट्टो होते, सूटबूटवाले, समाजवादाची भाषा बोलणारे, त्यांना कुणी मुल्ला म्हणणार नाही. पण दाऊदला त्रास द्यायचाय तर कुणाला हाताशी धरायचं? काबूलच्या कॉलेजांतून पळून पेशावरला आलेली इस्लामवादी पोरं होतीच, गुलबुद्दीन हेकमतयार, अहमदशाह मसूद वगैरे. त्यांना ट्रेनिंग दिलं, शस्त्रं दिली. १९७५ मध्ये त्यांनी उठाव करून बघितला तो सपशेल फसला, पण पेशावरमधलं दुकान मात्र उघडं राहिलं. हे काम बघणारा अधिकारी होता नसीरुल्लाह बाबर. हे नाव पुढे परत येणारे.

लक्षात घ्या, रशियन सैन्य अजून आलेलं नाही, अमेरिका अजून पिक्चरमध्ये नाही, पाकिस्तानचे पुढचे लष्करशहा झिया उल हक पण नाहीत. शेजाऱ्याशी सीमेचं भांडण आहे, आणि त्या भांडणात वापरायला धर्माच्या नावाने पेटलेली पोरं सोयीची आहेत, एवढंच.

[१९७९. रणगाड्यांची जुनी दृश्यं.]

मग १९७९ उजाडलं. ते एक वर्ष नीट बघितलं तरी अर्धा विषय कळतो. इराणमध्ये क्रांती झाली. (त्याची मुळं शोधायला १९५३ पर्यंत मागे जावं लागतं, तेव्हा तेलासाठी ब्रिटन-अमेरिकेने मोसद्देकांचं सरकार पाडलं होतं, पण तो वेगळा एपिसोड होईल.) नोव्हेंबरमध्ये मक्केच्या मशिदीवर बंडखोरांनी कब्जा केला आणि सौदी राजघराणं इतकं हादरलं की आपण किती धार्मिक आहोत हे दाखवायची त्यांना घाईच झाली. आणि डिसेंबरच्या शेवटी सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसलं, काबूलमध्ये दाऊदनंतर आलेलं कम्युनिस्ट सरकार वाचवायला. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी बंडखोरांना गुपचूप मदत द्यायच्या कागदावर त्याच्या आधीच, जुलैमध्ये, सही केली होती, पण ती शस्त्रांची नव्हती. शस्त्रं सोव्हिएत सैन्य आल्यावर सुरू झाली.

आपण काय केलं? संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत सैन्याच्या विरोधात ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. रशियाशी दोस्ती, रशियाची शस्त्रं, गणित सरळ होतं. ज्या अफगाणांच्या गावांवर बॉम्ब पडत होते त्यांना हे गणित कसं वाटलं असेल हे आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. ५० लाखांवर माणसं देश सोडून पळाली, त्यातली ३० लाखांच्या आसपास पाकिस्तानात. कट्टरतेची भरती तिथून झाली, निर्वासितांच्या छावण्यांतून, वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी घर गमावलेल्या पोरांतून. अमेरिका अमेरिका करताना हे विसरून चालत नाही.

पैशाची गोष्ट मात्र अमेरिकेची आणि सौदीची. अमेरिका जेवढे डॉलर टाकेल तेवढेच सौदीने टाकायचे असं ठरलं. १९८७ पर्यंत अमेरिकेचा वर्षाचा हप्ता सुमारे ६३ कोटी डॉलरवर गेला. पण वाटप कुणाच्या हातात? पाकिस्तानच्या आयएसआयच्या. सीआयएने माल कराचीपर्यंत आणायचा, पुढे कुणाला किती द्यायचं ते झियांचे अधिकारी ठरवणार. आणि त्यांनी सगळ्यात मोठा वाटा दिला हेकमतयारला, सगळ्यात कडव्या माणसाला. का, तर अफगाण राष्ट्रवादी उद्या परत पश्तुनिस्तान मागणार, धर्मवाले ते मागणार नाहीत असा हिशोब. वॉशिंग्टनला रशियाचं नाक कापायचं होतं, रियाधला इराणला मागे टाकायचं होतं, इस्लामाबादला ड्युरंड रेषा शांत हवी होती. तिघांची कामं वेगळी आणि माणूस एकच.

[वर्गात बसलेली मुलं, जुनं छायाचित्र.]

यातली एक गोष्ट आम्हाला रिसर्च करताना सगळ्यात जास्त खटकली, ती बंदुकांची नाहीये, पुस्तकांची आहे. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा शाखेला सरकारी मदत खात्याने १९८४ पासून अफगाण मुलांसाठी शाळेची पुस्तकं बनवायचं काम दिलं. त्यात मोजायला शिकवायचं ते बंदुका, गोळ्या, मेलेले सैनिक यांच्या चित्रांवरून. चौथीच्या पुस्तकातलं एक गणित असं: कलाश्निकोव्हची गोळी सेकंदाला ८०० मीटर जाते, रशियन सैनिक ३,२०० मीटरवर आहे, मुजाहिदने त्याच्या कपाळावर नेम धरला तर गोळी किती सेकंदांत लागेल? उत्तर चार. चौथीच्या पोराला जमेल असं सोप्पं गणित आहे. पुढे तालिबान आल्यावर त्यांनीही हीच पुस्तकं चालू ठेवली, फक्त माणसांचे चेहरे तेवढे खोडले.

पाकिस्तानच्या आतही काम चालू होतंच. झियांनी १९८० पासून बँकेच्या बचत खात्यातून अडीच टक्के जकात, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं दान, थेट कापायला सुरुवात केली आणि त्यातला काही पैसा मदरशांकडे वळवला. बाहेरचं धोरण आणि घरातलं धोरण एकमेकांना धरून चाललं.

[व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो.]

जरा थांबून हा फोटो बघू, तुम्हालाही आला असेल. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांच्या ऑफिसात पगडीवाले अफगाण बसलेत, आणि खाली लिहिलेलं असतं की रेगन म्हणाले तालिबान म्हणजे आमच्या राष्ट्रपित्यांच्या तोडीचे. फोटो खरा आहे, १९८३ चा. पण तालिबान १९९४ मध्ये जन्माला आलं, आणि ते वाक्य रेगन १९८५ मध्ये निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांबद्दल बोलले होते. तसंच "सीआयएने लादेनला पैसे दिले" हेही छातीठोक सांगतात, त्याचा ठोस पुरावा नाही. अरब लोकांचे पैसे वेगळ्या वाटेने यायचे, त्यांची पेशावरमधली ऑफिसं वेगळी. खरी गोष्ट एवढी वाईट असताना खोटी कशाला जोडायची, हे काही आम्हाला कळत नाही.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक परत गेला. ज्या कामासाठी हे सगळं उभं केलं ते काम संपलं, अमेरिकेचा इंटरेस्टही संपला. पण छावण्या, वाटा, शिकवणारे उस्ताद, हातात बंदूक असलेली आणि दुसरं काहीच येत नसलेली पोरं, ती कुठे जाणार? नेमकं त्याच सुमाराला काश्मीर पेटलं. ते पेटायला १९८७ च्या तिथल्या निवडणुकीतली गडबड हे आपलं घरचं कारण होतं, ते झाकून उपयोग नाही. पण आगीत टाकायला तयार माल शेजारी पडून होता. लष्कर-ए-तैयबाचा पाया अफगाणिस्तानातल्या कुनारमध्ये त्याच काळात घातला गेला. तिथून २६/११ पर्यंत, आणि पहलगाममध्ये ज्या टीआरएफचं, म्हणजे लष्करच्याच मुखवटा संघटनेचं, नाव आलं तिथपर्यंत धागा सरळ येतो.

आणि नसीरुल्लाह बाबर? १९९४ मध्ये ते बेनझीर भुट्टोंचे गृहमंत्री होते. आधी बाप, आता मुलगी, दोघंही धर्मवाले नाहीत. त्यांना क्वेट्टा, कंदहार, हेरात मार्गे मध्य आशियाचा ट्रकचा रस्ता उघडायचा होता, पण वाटेवर जो तो टोळीवाला साखळी लावून वसुली करायचा. बाबरांनी पाठवलेल्या ट्रकांचा ताफा कंदहारजवळ अडवला गेला तेव्हा तो सोडवला कुणी, तर नव्याने जमलेल्या तालिबानने. दोन वर्षांत काबूल त्यांच्या हातात होतं.

भस्मासुराची गोष्ट यावर सगळे सांगतात. पण भस्मासुर निदान वर देणाऱ्याच्याच मागे लागला होता. इथे वर देणारे दहा जण, त्यातले बहुतेक लांब आपापल्या राजधानीत सुखरूप, आणि हात पडला तो काबूलच्या बायकांवर, २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेतल्या पोरांवर, आपल्या सीएसएमटीवर थांबलेल्या प्रवाशांवर.

आपण फार साळसूद आहोत असंही नाही हां. १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांना भारतानेच ट्रेनिंग दिलं होतं, तिथे धर्म नव्हता, भाषा होती. पुढे त्यांच्याशी लढताना आपले हजारावर जवान गेले आणि १९९१ मध्ये राजीव गांधी.

[कल्याण स्टेशन, गर्दी.]

परराष्ट्र धोरणाने सगळंच उलगडतं का? नाही. २०१४ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणमधून चार तरुण इराकला आयसिसमध्ये गेले. अमेरिकेने २००३ मध्ये इराक फोडलं, तिथलं सैन्य बरखास्त करून लाखो हत्यारबंद लोकांना बेकार केलं, त्यातून आयसिसला अधिकारी मिळाले, हे बरोबर. पण कल्याणवर कुणी बॉम्ब टाकला नव्हता. ही शिकलेली पोरं होती, इंटरनेटवर व्हिडिओ बघून गेली. त्याच गल्लीत, तेच इंटरनेट वापरणारी बाकीची हजारो पोरं कुठेही गेली नाहीत, ती सकाळची लोकल पकडून कामावर गेली. दुसऱ्या देशाचं धोरण दुकान उभं करून देतं, आत कोण शिरतो याची कारणं घराघरात वेगळी निघतात.

[दिल्ली, ऑक्टोबर २०२५.]

आता अलीकडचं बघा. तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले. पाकिस्तान आणि तालिबान एकमेकांवर उलटले होते, ड्युरंड रेषेवर गोळीबार चालला होता, मग आपण हात पुढे केला. आम्हाला यात नवल वाटत नाही, बोलू नये असंही आम्ही म्हणत नाही, काबूलशी बोलल्याशिवाय व्यापार होणार नाही आणि औषधंही पोचणार नाहीत. पण शत्रूचा शत्रू हे गणित भुट्टोंनीही मांडलं होतं.

मुत्तकींच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकाही महिला पत्रकाराला बोलावलं नव्हतं. बोंबाबोंब झाली तशी दोन दिवसांनी दुसरी घेतली, त्यात महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या आणि त्यांनी सरळ विचारलं की सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद का. उत्तर आलं की आम्ही मुलींचं शिक्षण हराम ठरवलेलं नाही, फक्त पुढचा आदेश येईपर्यंत लांबणीवर टाकलंय. त्याच महिन्यात भारताने काबूलमधल्या आपल्या तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनात विमानाने मालवाहतूक आहे, खाणींमध्ये भारतीय कंपन्यांना आमंत्रण आहे. मुलींच्या शाळा त्यात नाहीत.