बारा मोटरी, एक डीपी

(पहाट. लांबून परळीच्या वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या.)

या चिमण्या आमच्या पोरांनी जन्मापासून बघितल्यात. कोळसा रेल्वेनं येतो, हे सगळ्यांना ठाऊक. पाणी कुठून येतं विचारलं, तर वर्ग गप्प. पाणी गोदावरीचं, खडका बंधाऱ्यातलं. २०१३ च्या फेब्रुवारीत बंधारा आटला आणि परळीचे संच बंद ठेवावे लागले. वाफ करायला पाणी लागतं, ती थंड करायलाही लागतं. आमच्या ऊर्जा साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचा पहिला तास हाच आहे.

त्याच २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. चालू कॉलेजमध्येच, आजूबाजूच्या गरजेप्रमाणे कौशल्याचे वर्ग. आमच्या तालुक्याच्या गावी शिवणकाम आणि टॅली चालतं. आम्ही मागतोय ऊर्जा साक्षरता, सहा महिन्यांची. "म्हणजे सोलर बसवायला शिकवणार का?" असं एका प्राध्यापकांनी विचारलं. तेही शिकवू. आधी डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर.

(रिवायंडिंगचं दुकान. जळक्या मोटरींची रांग.)

स्टँडमागचं हे दुकान. विहिरीतून काढलेली पाच एचपीची मोटर मामूंनी उभी केलीय. आतली तार काळी पडलेली, कोळशासारखी. ती छिन्नीनं तोडून ओढून काढायची, खाचा घासून साफ करायच्या. मग नवी तार. वरून एका खाचेत घालायची, खालून ओढायची, शेजारच्या खाचेतून पुन्हा वर. अख्खी तार हातानंच. मामूंचे ओठ हलताना दिसतायत, ते वेढे मोजतायत. मध्येच बोललं की मोजणी चुकते, म्हणून इथं आम्हीही बोलत नाही.

(फक्त तारेचा आवाज.)

"मामू, ही कामून जळली?"
"टू फेजवर चालवली असंल."

मोटर तीन फेजची. रात्री एक फेज गेला की ती उठत नाही. मग कंडेन्सर लावून उरलेल्या दोनावर चालवायची. पाणी निघतं, पण तिघांचा बोजा दोघांवर येतो आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तार, तापत जातं. शेतकऱ्याला हे कळत नाही असं समजू नका. त्याला मोटर दिसते तसं वाळलेलं रानही दिसतं.

आता गंमत अशी, की दुकानात दुसरीही एक वस्तू कंडेन्सर म्हणूनच मागतात. तो कपॅसिटर. तो मोटरीजवळ तिन्ही फेजवर बसतो आणि लाईनवरचा करंट कमी करतो. नाव एकच, एक मोटर जाळायला मदत करतो, दुसरा डीपी वाचवायला. गिऱ्हाईक कुठला मागतंय, ते मामू चेहऱ्यावरून ओळखतात.

(शेत. स्टार्टरची पेटी उघडी. तारेभोवती धरून करंट मोजायच्या टाँग टेस्टरचा आकडा जवळून.)

कपॅसिटर नसताना साडेआठ अँपिअर. आता जोडला. सात. मोटर तीच, पाणी तेवढंच.

(शाळेची भिंत. एक मुलगी खडूनं गणित मांडतेय.)

तिनं गावातली ६३ केव्हीएची डीपी घेतली. एका फेजला ८४ अँपिअर, त्यापुढं ती सोसत नाही. तिच्यावर बारा मोटरी. बारा गुणिले साडेआठ, १०२. बारा साते ८४. ती खडू ठेवते आणि परत उचलून ८४ खाली दुसरी रेघ मारते.

हे झालं मोटरी चालू असताना. लाईट येते तेव्हा ऑटोस्विचमुळे बाराही एकदम उठतात, आणि उठताना प्रत्येकीला नेहमीच्या पाच-सहापट करंट लागतो. डीपीचा हा आवाज त्या क्षणाचा आहे.

(डीपी. गुणगुण वाढत जाते.)

डीपी जळाली की वर्गणी निघते, दुसरी येईपर्यंत पीक वाळतं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला बिल माफ आहे, त्यामुळं आता मीटरकडंही कोणी बघत नाही. पाच एचपीची मोटर तासाला चार-साडेचार युनिट खाते, हे वर्गातल्या एकाही पोराला सांगता आलं नाही. सगळ्यांच्या घरी ती मोटर आहे.

(रात्रपाळीची लाईट. बॅटरीचा उजेड, बांधावर काढून ठेवलेली चप्पल, पाण्याची धार. इथं निवेदन नाही.)

प्रस्तावात आम्ही प्रयोगशाळेसाठी मागितलंय ते एवढंच: दोन जळक्या मोटरी, एक स्टार्टर, दोन टाँग टेस्टर आणि आठवड्यातून दोन दुपारी मामू. मामू चौथीपर्यंत शिकलेत. कॉलेजच्या फॉर्मवर शिकवणाऱ्याच्या नावापुढं 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना आहे. बाकी फॉर्म भरून झालाय.

(मामू. पुढची खाच.)