ज्या वाटेने निरोप आला, त्या वाटेने खातरजमा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आजचं बोलणं शाळेत नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. वर्गावर जाणारे, ऑफिसात बसणारे, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा सांभाळणारे, सगळेच त्यात आले. मी शाळांच्या संगणक मदत कक्षात काम करतो. आमच्याकडून वरचेवर सूचना निघतात, आणि त्यांचं पुढे काय होतं ते तुम्हीही जाणता नि मीही. पत्रक स्टाफरूमच्या फलकावर लागतं, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सहलीची यादी लागते, आणि कधीतरी कुणाला टाचणी हवी असते म्हणून दोन्ही कागद निघतात. म्हणून म्हटलं, यंदाच्या सूचना सरळ कानावरच घालाव्यात. मध्ये एक गोष्टही सांगणार आहे. खरं तर तिच्यासाठीच मी ही वेळ मागून घेतली.

आधी विंडोज १० चं सांगतो. मायक्रोसॉफ्टकडून त्याला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. संगणक बंद पडलेला नाही, हे नीट ऐका. बटण दाबलं की तो पूर्वीसारखाच सुरू होतो, हजेरी भरता येते, दाखले छापता येतात. घोळ तिथेच होतो. सगळं चालतंय म्हटल्यावर घाई कोण करणार? पण आता चोराला आत शिरता येईल अशी एखादी नवी फट सापडली, तर ती बुजवायला कुणी येणार नाही. संस्थांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं दुरुस्त्या चालू ठेवता येतात, मात्र त्याचा दर वर्षागणिक चढत जातो. तेव्हा ती सोय संगणक बदलेपर्यंतची.

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. 'आमच्या संगणकात ती नाही, तसं स्क्रीनवरच आलं' असं बरेच जण सांगतात. भंगारात काढायच्या आधी आम्हाला एकदा बघू द्या. कित्येकदा चिप आत असते, फक्त सेटिंगमध्ये बंद असते.

अपडेट, म्हणजे याच दुरुस्त्या, पुढे ढकलल्याने काय होतं, त्याचा दाखला २०१७ चा आहे. वॉनाक्राय नावाच्या, फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसने १२ मे रोजी जगभर धुमाकूळ घातला. दीडशेहून अधिक देशांतले संगणक अडकले, इंग्लंडमधल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या फटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती. मध्ये जवळपास दोन महिने होते! ते दोन महिने कुठे गेले? 'नंतर आठवण करा' या बटणात गेले.

आणि एक बारीकशी गोष्ट. संगणक अडखळायला लागला की आम्ही रीस्टार्ट करा म्हणतो. त्यावर लोक सांगतात, 'अहो, रोज संध्याकाळी बंद करूनच घरी जातो.' विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असली की शट डाउन केल्यावरही सिस्टीमचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो, सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून. रीस्टार्टने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. तेव्हा शट डाउन नव्हे, रीस्टार्ट.

पासवर्डचं थोडक्यात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, ही सक्ती आता बरोबर मानली जात नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच ती नको म्हटलं होतं. २०२५ च्या तिच्या नव्या आवृत्तीत सांगितलंय की नुसत्या पासवर्डवर भागवायचं असेल तर तो किमान १५ अक्षरांचा हवा. म्हणजे लांब हवा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, पण उगाच बदलायला नको. मी तर पहिल्यापासून या बदलाबदलीच्या विरोधात आहे. माणसाला दर तीन महिन्यांनी छळलं की तो जुन्याच पासवर्डपुढे एक, मग दोन, मग तीन लावतो. गंमत म्हणजे २००३ मध्ये ज्यांनी हा नियम लिहिला, ते बिल बर यांनीही २०१७ मध्ये पस्तावल्याची कबुली दिली. असाच पस्तावा प्रोजेक्टरचा रिमोट इतका चिमुकला ठेवणाऱ्याला कधी होणार, याची मी वाट पाहतोय. असो.

आता गोष्ट.

एक शाळा होती. नाव सांगणार नाही. तिथल्या ग्रंथपाल मॅडमना एका दुपारी मुख्याध्यापकांची ईमेल आली. म्हणजे वर नाव मुख्याध्यापकांचं होतं. मजकूर असा: 'मॅडम, आपण मोकळ्या आहात का? मी महत्त्वाच्या बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही. कृपया माझं एक छोटंसं काम कराल का? आपल्या कर्मचाऱ्यांना भेट द्यायची आहे. काही गिफ्ट कार्ड घ्या, मागचे नंबर खरवडून त्यांचा फोटो मला पाठवा. कुणाला बोलू नका, सगळ्यांना सुखद धक्का देऊ. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.' गिफ्ट कार्ड म्हणजे आधी पैसे भरून घेतलेलं कार्ड. मागचा नंबर ज्याच्या हाती, पैसे त्याचे.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा वाचलं. शेजारी पुस्तकांना नंबर चिकटवत बसलेल्या मदतनिसाला म्हणाल्या, "अरे, हे आपले सर नव्हेत."

"कशावरून?"

"कृपया लिहिलंय."

आता सर कसे, ते सांगायला हवं. सरांचे निरोप जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर यायचे. पान आडवं फाडायचं, वर विषय, खाली 'ताबडतोब', आणि ताबडतोबच्या खाली दोन रेघा. ईमेल आली तेव्हा रेघा गेल्या, ताबडतोब राहिलं. माणूस मनाने चांगला. कुणाच्या घरी अडचण असली तर सुट्टीच्या अर्जावर डोळे मिटून सही करणारा. पण आभार? निरोप समारंभातसुद्धा सरांनी आभार मानले नव्हते. ते काम पर्यवेक्षकांवर सोपवलं होतं.

मॅडम उठल्या. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, जिना उतरून सरांच्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. सर आत एकटेच, पेनात रिफिल बसवत होते.

"सर, तुम्ही बैठकीत आहात का?"

सरांनी केबिनभर नजर फिरवली. "कुणाबरोबर?"

मॅडमनी मोबाइल पुढे केला. सरांनी हात लांब धरून सगळं वाचलं आणि म्हणाले, "मी सुखद धक्का देणार, असं कुणाला तरी खरं वाटेल का?"

"नाही ना, सर. म्हणूनच आले."

तेवढ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं, ही मेल आणखी कुणाला गेली असेल तर? चौकशी केली तर पाच-सहा जणांना गेली होती. बहुतेकांनी उघडलीच नव्हती. पण नुकतेच रुजू झालेले खेळाचे सर हेल्मेट घेऊन गेटपर्यंत पोचले होते. शिपाईमामांनी त्यांना गाडीला किक मारता मारता अडवलं. त्या बिचाऱ्याला ताबडतोबच्या दोन रेघा अजून मिळालेल्याच नव्हत्या. त्याला कसं कळावं? नव्या शाळेत पहिल्याच महिन्यात साहेबांचं काम आलं, माणूस धावणारच. फसवणाऱ्यांना असाच माणूस हवा असतो.

इथवर गोष्ट ऐकून लोक हसतात. पण माझी आवडती बाजू पुढे आहे.

झालं असं की 'कृपया लिहिलंय' हे वाक्य चहाच्या सुट्टीत साऱ्या शाळेत पोचलं, आणि शेवटी सरांच्याही कानावर गेलं. सरांना ते लागलं. बोलले नाहीत, पण लागलं. पुढच्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना सरांची मेल गेली: 'सर्व वर्गशिक्षकांनी कृपया उद्या दुपारपर्यंत निकालपत्रकं जमा करावीत. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.'

दुसरा दिवस उजाडला, दुपार झाली, एकही निकालपत्रक आलं नाही. सगळं गेलं कुठे? माझ्याकडे! मदत कक्षाच्या खोक्यात एकामागून एक तीच मेल येऊन पडत होती. 'संशयास्पद वाटते, तपासावी.' 'सरांचं अकाउंट हॅक झालं आहे काय?' एका बाईंनी तर काळजीने विचारलं होतं, 'सर बरे आहेत ना?' मी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला, तो अस्सल होता. सरांना फोन लावायला हात पुढे केला, तोच त्यांचाच फोन आला.

"माझी मेल तुम्ही अडवली म्हणे?"

"मी नाही अडवली, सर. तुमच्या धन्यवादने अडवली."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सरांनी फोन तसाच कानाला ठेवून इंटरकॉमचं बटण दाबलं, आणि मला तो आवाज स्वच्छ ऐकू आला: "निकालपत्रकं. ताबडतोब." शाळा सुटायच्या आत टेबलावर गठ्ठा लागला होता.

मॅडमनी 'कृपया' पकडलं म्हणून सगळे त्यांचं कौतुक करतात. मी त्यांचं कौतुक करतो ते त्या खुर्चीतून उठल्या म्हणून. कारण भाषेवरून ओळखण्याचे दिवस आता गेले. सरांच्या चार जुन्या मेल मिळाल्या तर एआय आज हुबेहूब सरांसारखं लिहून देईल, ताबडतोबसकट. आवाजाचीही नक्कल होते. मॅडमनी केलं ते मात्र अजून चालतं. मेलवर निरोप आला होता, त्या मेलवर उत्तर द्यायला गेल्या नाहीत. स्वतः जाऊन विचारलं. ज्या वाटेने निरोप आला, त्या वाटेने खातरजमा नाही. मेल आली तर फोन करा. फोन आला तर ठेवा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण लावा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, तो नंबरही त्याच वाटेने आलेला असतो.

ऑफिसातल्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवा. 'माझं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचा पगार नव्या खात्यात टाका' अशी शिक्षकाच्या नावाने मेल आली, की त्या शिक्षकाला प्रत्यक्ष विचारल्याशिवाय खातं बदलायचं नाही. महिनाअखेर असो, बिलं अडकलेली असोत. ज्या वाटेने निरोप आला, त्या वाटेने खातरजमा नाही.

हेच आमच्या मदत कक्षाच्या नावाने येणाऱ्या निरोपांनाही लागू. मोबाइलवर 'लॉगिन करणारे तुम्हीच का?' असं येतं, ते टू-स्टेप व्हेरिफिकेशन आता सगळ्यांना चालू करायचं आहे. आपण लॉगिन करत नसताना ते आलं तर 'नाही' दाबा. पुन्हा पुन्हा आलं तरी 'नाही'च. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीसाठी काम करणाऱ्या एकाला चोराने अशा सूचना पाठवून पाठवून हैराण केलं. मग व्हॉट्सॲपवर स्वतःला कंपनीच्या संगणक विभागाचा माणूस म्हणवून 'होय दाबा म्हणजे थांबेल' असं सांगितलं. त्याने दाबलं, आणि चोर आत. तेव्हा मदत कक्षातून बोलतोय म्हणून कुणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर तो मी नाही. माझा आवाज असला तरी नाही.

'आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?' असं शाळेत फार ऐकायला मिळतं. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या अमेरिकी कंपनीच्या शाळा-सॉफ्टवेअरमधून कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती गेली. चोरट्याने शिरकाव केला तो मदत विभागासाठीच्या पोर्टलमधून, चोरलेलं लॉगिन वापरून. मुलांची नावं, जन्मतारखा, घरचे पत्ते, काहींच्या आजारांच्या नोंदी. पासवर्ड बदलता येतो हो, जन्मतारीख कशी बदलणार?

चुकून लिंक दाबली गेली तर लगेच कळवा. त्याच मिनिटाला कळवलंत तर आम्ही अकाउंट बंद करू शकतो, दोन दिवसांनी कळवलंत तर नुसती हळहळ करू शकतो. रागावणार कुणी नाही, हे मी वरिष्ठांकडून लेखी घेतलं आहे.

आणि तक्रार लिहिताना नुसतं 'कॉम्प्युटर चालत नाही, अर्जंट' नको. कुठली खोली, कुठला संगणक, काय करत होतात आणि स्क्रीनवर काय आलं, एवढं लिहा. अर्जंट सगळेच लिहितात, त्यामुळे आता कुणाचंच अर्जंट राहिलेलं नाही. इंग्रजी संदेश उतरवून काढत बसू नका, मोबाइलने फोटो काढून पाठवा. वाकडा आला तरी चालेल. फक्त मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी तेवढी त्यात येऊ देऊ नका.

नमस्कार.