ब्रेकचा पाइप घासतो कुठे?

मंडळी, मागच्यांनी पुढे सरका, पंख्याखाली जागा आहे. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, मोटरसायकलच्या ब्रेकच्या पाइपावर ऐकायला एवढी माणसं आली याचं मला फार बरं वाटतं. हँडलपासून चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारा हा पाइप नवा टाकला, तर टिकवायचा कसा, हा आपला विषय. पण आधी चाळीसगावकडची एक गाडी सांगतो.

कन्नड घाट उतरून एक शेतकरी थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, लिव्हर पार हँडलले टेकी जास ना!" रबरी पाइपाला चिरा गेल्या म्हणून त्याने एका दुकानातून स्टीलच्या जाळीचा पाइप बसवून घेतला होता. मी पुढचं चाक फिरवून पाहिलं. मडगार्डच्या काठाला नखाएवढी चकचकीत खाच पडलेली. पाइपावरचं प्लॅस्टिक तिथे गेलेलं, जाळीच्या तुटक्या तारा बोटाला टोचत होत्या आणि खाली रिमवर ब्रेक ऑइल ओघळलेलं.

झालं होतं काय? पाइप लांब होता. दुकानदार म्हणे, "थोडा लांब असला तर काय बिघडतं?" या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. घाटात पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप खाली बसतो, जास्तीचा पाइप वाकून बाहेर येतो आणि मडगार्डला घासतो. पाइप धरून ठेवणारा जुना क्लॅम्पही परत लावला नव्हता, एक केबल टाय आवळून दिला होता. गिऱ्हाइकाने चांगल्या मालाचे पैसे मोजले होते हो!

आणि उघडी जाळी म्हणजे कानसच. शेजारी जे येईल ते ती खाते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्यामुळे अशा बहुतेक गाड्यांत चाकाचा वेग टिपणाऱ्या सेन्सरची वायर ब्रेकच्या पाइपालगतच खाली जाते. जाळीने तिचं आवरण कापलं की मीटरवर एबीएसचा दिवा पेटतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

जुना पाइप काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो काढा. नवा त्याच लांबीचा, टोकांचा कोन तोच. क्लॅम्प आणि रबरी ग्रोमेट, म्हणजे पाइपाभोवतीची रबरी कडी, जिथले तिथे. तांब्याचे वायसर नवेच. ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो. मग हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. शॉकअप दाबून बघा, पुढचं चाक उचलून तो पूर्ण लांब झाल्यावरही बघा. पाइप कुठे ताणायला नको, कुठे टेकायला नको.

टेकलाच तर आधी वाट बदला, कव्हर नंतर. कव्हर पारदर्शक प्लॅस्टिकचं घ्या, आतलं दिसतं. सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळू नका. आपल्या काळ्या मातीची धूळ आत शिरते, पावसाने चिकटते आणि आतल्या आत पाइप घासत राहते. वर कुणाला दिसतही नाही.

शेवटचं. जिथे शंका असेल तिथे पाइपावर कागदी टेपचा एक वेढा द्या आणि आठवडाभर गाडी चालवा. टेप खरवडला गेला, तर पाइप तिथेच घासतोय. वाट बदला, नवा टेप लावा, पुन्हा चालवून बघा.